तीन डोळ्यांचं सीलचं पिल्लू

आपल्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादकांनी फोन केला आणि म्हणाले, "तुझ्या बोटीवरच्या नोकरीबद्दल लिही. पण जरा हलकंफुलकं हं. मागच्या वर्षीचं ते सांडपाण्यावरचं नको."

मागच्या वर्षीचं सांडपाण्यावरचं चांगलं होतं. ते कुणी वाचलं नाही, हा दोष लेखाचा नाही, वाचकांचा आहे. तरी हलकंफुलकं लिहिते. सांडपाणी यातही येणार आहे, पण मागच्या दाराने.

मी आपल्या मंडळाच्या गावाहून, बॉथेलहून, फेरीबोट आणि मग गाडी असं करत गाठावं लागणाऱ्या हूड कॅनॉलमध्ये एका पर्यटक बोटीवर निसर्गमार्गदर्शक आहे. म्हणजे माइक धरून "उजवीकडे बघा" म्हणणारी. त्याआधी ॲन आर्बरला पर्यावरणशास्त्र शिकत होते आणि बर्फात उभी राहून पत्रकं वाटत होते. पत्रकं वाटण्याचं एक शास्त्र असतं. माणसाच्या डोळ्यांत बघायचं, पत्रक त्याच्या पोटाशी न्यायचं आणि तो "नो थँक्स" म्हणायच्या आत हातात सोडून द्यायचं. तो ते पुढच्या कचऱ्याच्या डब्यात टाकतो. मग आपण त्या डब्यापाशी जाऊन उभं राहायचं. माणसं शेवटी रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागली, तेव्हा मला बोटीवरच्या नोकरीची जाहिरात दिसली. बोटीवरून माणसं पळून जाऊ शकत नाहीत. मी लगेच अर्ज केला.

आता धंद्याची माहिती. हूड कॅनॉलला कॅनॉल म्हणतात, पण तो कुणी खोदलेला नाही. तो फियॉर्ड आहे. हिमनदीने डोंगरात लांब, अरुंद, खोल दरी कोरली, हिमनदी वितळली आणि दरीत समुद्र येऊन बसला. आत प्रचंड खोली, पण तोंडाशी, पाण्याखाली, एक उंबरठा. त्यामुळे आतलं पाणी सहज बाहेर जात नाही. भरती येते, ओहोटी लागते आणि बरंचसं पाणी आतल्या आत फिरत बसतं, पातेल्यातल्या आमटीसारखं. किनाऱ्यावर लोकांची सुट्टीतली घरं आहेत आणि घराघराच्या अंगणाखाली सेप्टिक टँक आहे. टाकी जुनी झाली की गळते. गळलेलं कुठे जातं? पातेल्यात. पातेल्यात कोण राहतं? कालवं. कालव पाणी गाळून गाळून जगतं. आणि कालवं कोण खातं? कॅमेरे गळ्यात अडकवलेले तुम्ही!

मला सांगायचं असतं ते एवढंच. पण एवढंच सांगायला मला तेव्हा जवळजवळ अख्खी फेरी लागायची.

आमची कॅप्टन रूथ. साठीची, कमी बोलणारी, टोपीखालून बघणारी. तिच्या मते प्रवाशांना बोटीवर तीन गोष्टी लागतात: सील, धबधबा आणि बाथरूम. त्यातही बाथरूम आधी. "लोक सुट्टीवर आलेत," ती मला म्हणायची. "त्यांना शिक्षा झालेली नाही."

प्रवासी तऱ्हेतऱ्हेचे. एका ठरावीक झाडावर एक गरुड कायम बसलेला असतो. तो रोज तिथेच कसा, म्हणून एका गृहस्थांनी विचारलं, "हा तुमच्या कंपनीचा आहे का?" मी म्हटलं, "नाही, कॉन्ट्रॅक्टवर आहे." गृहस्थ सॉफ्टवेअरमधले. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. पुढचा सगळा वेळ ते त्या गरुडाकडे आपुलकीने बघत होते.

धबधब्याचं वेगळंच. कंपनीच्या माहितीपत्रकावर कड्यावरून कोसळणारा पांढराशुभ्र धबधबा आहे. तो फोटो वसंतातला, वरचं बर्फ वितळतं तेव्हाचा. प्रवासी येतात ऑगस्टमध्ये. ऑगस्टमध्ये तिथे खडकावर एक ओली रेघ असते. एक बाई म्हणाल्या, "असं आमच्या गॅरेजमध्येपण होतं, प्लंबर बोलावला होता." मी माइकवरून जाहीर केलं की फोटो मे महिन्यातला आहे आणि ही ग्राहकांची दिशाभूल आहे. माझ्याविरुद्धची पहिली तक्रार कंपनीनेच केली. दुसरी एका नवविवाहित जोडप्याने केली. त्यांना सूर्यास्ताबरोबर मैल्याची माहिती नको होती. हे मी समजू शकते, पटत मात्र नाही.

आणि मग आपलं मंडळ आलं.

सहल नेमकी नारळी पौर्णिमेला आली होती. भल्या पहाटेची फेरीबोट पकडून बॉथेलची सगळी मंडळी डबे घेऊन हजर. त्यांत मालतीकाकू होत्या. मूळच्या हर्णैच्या, मुलाकडे, म्हणजे प्रसादकडे, सहा महिन्यांसाठी आलेल्या. अंगावर लोकरीची शाल, पायांत मुलाचे बूट आणि मांडीवर एक कापडी पिशवी, जी त्यांनी कुणालाही धरू दिली नाही.

"समुद्र कुठाय गं?" त्यांनी बोटीवर चढल्या चढल्या विचारलं.

"हाच समुद्र, काकू."

"लाटा?"

मी त्यांना फियॉर्ड समजावून सांगितला. दरी, उंबरठा, सगळं. काकूंनी पूर्ण ऐकून घेतलं. "म्हणजे ही समुद्राची मागची खोली," त्या म्हणाल्या. इतकं नेमकं मला दोन वर्षांच्या शिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

ओहोटीच्या वेळी बोट डेलच्या धक्क्याला लागते. डेल कालवांची शेती करतो. उंच, वाकलेला, कमरेपर्यंत रबरी बूट. ओहोटीत उघड्या पडणाऱ्या किनाऱ्यावर त्याच्या जाळीच्या पिशव्या ओळीने बांधलेल्या असतात आणि त्यांत कालवं वाढतात. भरती आली की पिशव्या उलटतात, कालवं एकमेकांवर घासतात, त्यांचे शिंपले जाड होतात. पाणी स्वच्छ हवं, एवढी एकच मागणी. डेलने एक मोठं कालव सुरीने उघडून काकूंपुढे धरलं.

"अगो बाई!" काकू म्हणाल्या. "ही कालवं की चपला?"

काय म्हणाल्या, असं डेलने मला विचारलं. मी सांगितलं, आकाराचं कौतुक करतायत.

"आणि कच्चंच खायचं? निदान हळद तरी दाखवा त्याला."

अर्ध्या लोकांचा श्रावण होता. ते लांब उभे राहून तोंडाला पाणी सुटल्याचं लपवत पुरीभाजी खात होते. एका काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "कालवाला मेंदू नसतो म्हणे. मग ते व्हेज धरता येईल का?"

प्रसाद म्हणाला, "काका, मग आमचा मॅनेजरपण व्हेज."

परतीच्या वाटेवर सगळे खाण्यात गुंतलेले बघून मी माइक घेतला आणि सेप्टिक टँकवर आले. पुऱ्या हळूहळू डब्यात परत जायला लागल्या. एकट्या मालतीकाकू लक्ष देऊन ऐकत होत्या.

"म्हणजे या पाण्यात काहीच टाकायचं नाही?"

"काहीच नाही, काकू."

"फूलसुद्धा नाही?"

"फूलसुद्धा नाही."

"बरं," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पिशवी आणखी घट्ट धरली.

धबधबा, म्हणजे ती ओली रेघ, आली तेव्हा सगळे उजव्या कठड्याशी गेले. काकू एकट्या डाव्या कठड्याशी गेल्या. मागे काहीतरी डुबुक वाजलं. मी माइकवर उत्साहाने म्हटलं, "डावीकडे बहुधा सामन मासा उसळला!" सगळे तिकडे धावले. काकू हात जोडून उभ्या होत्या. मला वाटलं, निसर्गाला हात जोडतायत. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षांची ईमेल आली. सहल उत्तम झाली, कालवं उत्तम होती, परंतु जेवताना मैल्याच्या टाक्यांविषयी इतकी सविस्तर माहिती अपेक्षित नव्हती. ही तिसरी तक्रार, आणि तीही आपल्याच माणसांनी केलेली!

कॅप्टन रूथने मला केबिनमध्ये बोलावलं. "आता आणखी एकदा," ती म्हणाली, "एकदाच जरी तुझ्यामुळे फेरी बिघडली, तर माइक मी घेणार. तू खाली पॉपकॉर्नच्या काउंटरवर."

तुम्हाला हे किरकोळ वाटेल. मला नाही. माइकशिवाय मी म्हणजे खारट पॉपकॉर्न विकणारी, पर्यावरणशास्त्रातली पदवीधर. आणि डेलच्या किनाऱ्याबद्दल त्या बोटीवर दुसरं कोण बोलणार होतं? गरुड?

म्हणून मी ठरवलं, तोंड आवरायचं. सील, गरुड, बगळा. उजवीकडे बघा, डावीकडे बघा. टाकी हा शब्दसुद्धा नाही. आठवडाभर पाळलं. गरुडाबद्दल इतकं गोड बोलले की एका आजींनी मला टिप दिली. घरी येऊन रडले.

आठवड्याने, एका स्वच्छ दुपारी, बोट भरलेली होती आणि काउंटरवरून घेतलेली डेलची कालवं लोक कागदी बशीत घेऊन फिरत होते. त्यांत सनीव्हेलहून आलेलं एक मराठी जोडपं होतं, अभिजितदादा आणि ऋता. तो चिप इंजिनियर, गळ्यात हातभर लांब लेन्स. आम्ही डेलच्या किनाऱ्याजवळ आलो. भरती होती, पिशव्या पाण्याखाली. आणि तिथे, पाण्यावर, एक लहानसं तपकिरी डोकं वरखाली होत होतं.

ऑगस्ट म्हणजे सीलच्या पिल्लांचा हंगाम. आई पिल्लाला सोडून मासे पकडायला जाते, ते एकटं तरंगत राहतं. कायद्याने शंभर यार्डांच्या आत जायचं नाही. मी माइकवर म्हटलं, "मंडळी, सीलचं पिल्लू!" सगळे कठड्याला चिकटले.

"ए, त्याला काहीतरी लागलंय," अभिजितदादा लेन्समधून बघत म्हणाला. "लाल दिसतंय यार. गळ्याभोवती दोरीपण आहे."

मी दुर्बीण लावली. खरंच. डोक्याखाली लाल लक्तरं पाण्यात हलत होती. त्यावर करकचून आवळलेली नायलॉनची दोरी.

इथे मी आवरायला हवं होतं, असं लोक म्हणतात. का आवरायचं? पिल्लाच्या गळ्यात दोरी आहे आणि मी गरुडाबद्दल बोलू? मी कॅप्टनला इंजिन बंद करायला सांगितलं, सीलच्या मदतीसाठी असलेल्या स्वयंसेवकांना फोन लावला आणि माइक तोंडाशी नेला.

"मंडळी, हे आपण केलंय!"

पलीकडून फोनवरच्या बाई विचारत होत्या, श्वास घेतंय का?

"घेतंय, घेतंय," अभिजितदादा म्हणाला. "डोळे उघडे आहेत. ब्लिंक केलं आत्ता."

"मीपण बघितलं," मागून कुणीतरी म्हणालं. एक बाई रडायला लागल्या.

"पण एक मिनिट हं," अभिजितदादाने लेन्स फिरवली. "डोळे तीन आहेत."

"काय?"

"तीन डोळे. दोन वर, एक खाली. क्लिअर दिसतायत."

मी क्षणभर विचार केला. "तिसरा डोळा नाही, ती जखम आहे," मी म्हणाले आणि माइकवरून पुढे बोलले: प्लास्टिक, रसायनं, प्राण्यांच्या शरीरात होणारे बदल. टाकी हा शब्द आला. पुन्हा आला. मग आवरेना. आठवडाभराचा साठा होता.

स्वयंसेवक म्हणाले, आम्ही निघतोय, वेळ लागेल, लांबूनच लक्ष ठेवा. कॅप्टन रूथ केबिनमधून बाहेर आली. धक्क्यावर पुढच्या फेरीचे प्रवासी ताटकळत होते, रेडिओवरून ऑफिस ओरडत होतं.

"खात्री आहे?" तिने विचारलं.

"शंभर टक्के."

तेवढ्यात डेल आला. आपल्या चपट्या होडीतून, पिशव्या बघायला, नेहमीच्या संथपणे. तो सरळ पिल्लाच्या दिशेने निघाला होता.

"डेल!" मी लाउडस्पीकरवरून ओरडले. दोन्ही डोंगरांवरून माझा आवाज परत आला. "मागे हो! हात लावू नकोस! हा गुन्हा आहे! त्याची आई जवळपास असेल!"

डेलने हात हलवला, त्याला वाटलं मी हॅलो म्हणतेय. तो जवळ गेला, वाकला आणि त्याने पिल्लाला शेंडीला धरून उचललं.

बोटीवर किंकाळी उठली. रडणाऱ्या बाईंनी डोळे झाकले. डेलने ते उलटंसुलटं करून बघितलं. कानाशी नेलं. हलवलं. मग त्यावर सुरीच्या मुठीने दोनदा ठकठक केलं आणि होडीतून ओरडला, "आत पाणी आहे!"

"यार," अभिजितदादा हळूच म्हणाला, "त्याला शेंडी आहे."

ऋताने त्याच्या हातातून कॅमेरा घेतला, एकदाच बघितलं आणि म्हणाली, "अरे, नारळ आहे तो. खण गुंडाळलाय. आणि तुला तो ब्लिंक करताना दिसला?"

हसणं कुठून सुरू झालं माहीत नाही, पण ते थांबेना. रडणाऱ्या बाई सगळ्यांत जोरात हसत होत्या. मी दुर्बिणीतून पुन्हा बघितलं. हिरव्या काठाचा लाल खण. आठवड्यापूर्वीची कापडी पिशवी माझ्या डोळ्यांसमोर आली. डावा कठडा. डुबुक. उसळलेला सामन मासा.

कॅप्टन रूथने हात पुढे केला, तळवा वर. माइकसाठी.

मी माइक देणारच होते. खरंच देणार होते. पण ऋता मध्येच म्हणाली, "पण हा इथे आला कुठून?"

त्या अख्ख्या हंगामात कुणी विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता. बाथरूम सोडून.

"तिकडून," मी लांब त्या ओल्या रेघेकडे बोट दाखवलं. "त्या धबधब्याजवळ एका काकूंनी समुद्राला वाहिला. मागच्या आठवड्यात."

"आणि समुद्रात गेलाच नाही?"

"बाहेर जाता येत नाही. तोंडाशी उंबरठा आहे. इथे जे पाण्यात पडतं ते आत फिरत राहतं आणि मग इथे येतं, डेलच्या कालवांवर."

हसणं थांबलं. ऋता किनाऱ्यावरच्या घरांकडे बघत होती. सुंदर घरं, हिरवी अंगणं. "म्हणजे त्या घरांमधून जे काही गळतं, तेपण?"

"तेपण," मी म्हणाले. एवढंच. दुसरा शब्द नाही.

सगळ्यांनी त्या घरांकडे बघितलं. मग डेलच्या हातातल्या नारळाकडे. मग आपापल्या कागदी बशीतल्या कालवांकडे. एका माणसाने आपली बशी अलगद खाली ठेवली आणि विचारलं, "मग यावर काय करता येतं?"

माझ्या पत्रकांच्या सगळ्या आयुष्यात हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी इतकी गडबडले की उत्तरच आठवेना. टाकी वेळेवर उपसा, तपासून घ्या, हे मी झोपेतही सांगते. तेव्हा मी नुसती "टाकी, टाकी" म्हणाले.

रूथचा हात तसाच पुढे होता. तिने तो हळूच मागे घेतला आणि टोपी नीट केली. स्वयंसेवकांना फोन करून नारळाची तब्येत सांगायचं काम मात्र तिने मलाच दिलं. फोनवरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "श्वास घेतंय का?" आणि हसत सुटल्या.

संध्याकाळी बोट धुताना रूथने निकाल दिला. "फेरी बिघडली. नियमाने माइक माझा."

"हो," मी म्हणाले.

"पण लोकांनी त्या नारळाचं ऐकलं. तुझं नाही, त्याचं. म्हणून नवा नियम. टाक्यांबद्दल बोलायचं असेल तर नारळ एका हातात खांद्याच्या वर धरायचा. हात खाली आला की भाषण संपलं."

तुम्ही घरी करून बघा. अख्खा नारळ, पाणी भरलेला, वर धरायचा आणि दुसऱ्या हातातल्या माइकमध्ये फियॉर्ड, उंबरठा, टाकी, कालव आणि नागरिकांचं कर्तव्य बसवायचं. पहिल्या दिवशी मी उंबरठ्यापर्यंतच पोचले. लोक टाळ्या वाजवत होते, पण त्या माझ्या दंडाला होत्या.

रात्री मालतीकाकूंना फोन केला. मी चिडलेलीच होते.

"काकू, नारळ सापडला."

"कुठला?"

"खणात गुंडाळलेला. नायलॉनच्या दोरीने बांधलेला!"

"अगो बाई. परत आला?"

"मी सांगितलं होतं ना, पाण्यात काही टाकायचं नाही? तुम्ही बरं म्हणालात!"

"टाकला कुठे? अर्पण केला. टाकणं वेगळं." मग त्यांचा आवाज उतरला. "घेतला नाही का गं समुद्राने?"

मी पुन्हा उंबरठा समजावला. या वेळी काकू म्हणाल्या, "तू तेव्हा सांगत होतीस खरी. मला वाटलं, हातात माइक आला की माणसं बोलतात तसं बोलतेयस." मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षी दोरी बांधून खाली सोडीन आणि वर ओढून घेईन. समुद्राने वास घेतला, झालं. मग फोडून त्या चपलांच्या कालवणात घालू. सुती दोरी हं, नायलॉनची नाही."

हा माझ्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा विजय आहे. पत्रकाने कधी कुणाची दोरी बदललेली नाही.

पुढे शरदात जोराचा पाऊस झाला, किनाऱ्यावरची घाण वाहून आली आणि आरोग्य खात्याने डेलचा किनारा काही दिवस बंद केला. नारळाने बंद झाला नाही. टाक्यांनी झाला. डेल रिकाम्या धक्क्यावर उभा राहून पिशव्या बघत होता आणि आमची बोट समोरून गेली. त्याने हात हलवला. मी नारळ हलवला. त्या दिवशी मी टाक्यांपर्यंत पोचले आणि तिथेच हात खाली आला. कालवांचं सांगायचं राहून गेलं, याची मला अजून चुटपुट आहे.

ही अडचणही मी काकूंना सांगितली. हात दुखतो, मुद्दे राहतात, कॅप्टन हातावर डोळा ठेवून असते.

"डाव्या हाताला काय झालंय?" काकू म्हणाल्या. "कळशी घेऊन चढण चढताना आम्ही काय एकच खांदा वापरायचो?"

मी रूथचा नियम आठवून बघितला. एका हातात, असं ती म्हणाली होती. कुठल्या हातात, ते म्हणाली नव्हती. दुसऱ्या दिवशी टाक्यांपाशी आल्यावर मी नारळ आणि माइक यांची डोक्याच्या वर अदलाबदल केली आणि बोलतच राहिले. रूथने टोपीखालून बघितलं. खूप वेळ बघितलं. बाथरूमसाठी लागलेली रांग मोडून लोक ऐकत होते.

आता मला कुणीही अडवू शकत नाही. हात दोन आहेत, नारळ टिकाऊ आहे आणि बोटीवरून पळून जायला जागा नाही.